तेल दिसतं तिथून येत नसतं

पुणे–बारामती–इंदापूर–नरसिंहपूर. एका दिवसाचा साधासुधा वीकेंड प्लॅन. त्यात अंगठीएवढी एक रबरी रिंग आडवी आली आणि ट्रिप भलत्याच कारणाने लक्षात राहिली!

"विकून टाक ना!"

ऑफिसच्या पार्किंगमध्ये माझ्या गाडीखालचा काळा डाग बघून प्रत्येकाचं हेच मत पडायचं. गाडी दहा वर्षांची, पेट्रोल हॅचबॅक. बाबांनी रिटायर झाल्यावर हौसेने घेतलेली. बाबा गेले, गाडी माझ्याकडे आली आणि काही महिन्यांत हा डागही आला. इंजिनमधून ऑइल गळत होतं. थोडंसंच, पण रोज.

शहरातल्या एका चकाचक सर्व्हिस सेंटरमध्ये दाखवलं. एसी वेटिंग रूम, फुकट कॉफी, छापील एस्टिमेट. त्यांनी टॅपेट कव्हरचं गॅस्केट बदललं, साडेपाच हजार घेतले. वीस दिवसांत डाग परत हजर! दुसऱ्या खेपेला उत्तर आलं, "मॅडम, आता कॅम सेन्सर, ऑइल सील, सगळंच बदलावं लागेल. अठरा हजार." मी विचारलं, मग गळायचं थांबेल ना? त्यावर काउंटरवरचा मुलगा नुसता गोड हसला. ते हसू काही गॅरंटीचं नव्हतं.

त्याच रात्री मी जुन्या गाड्या घेणाऱ्या एका डीलरला फोन केला. सोमवारी सकाळी गाडी न्यायला येतो म्हणाला. तेल गळतंय म्हटल्यावर किमतीतून पंचवीस हजार कापले. आई काहीच बोलली नाही. शुक्रवारी रात्री मात्र हळूच म्हणाली, "सोमवारी देतेच आहेस, तर उद्या एकदा नरसिंहपूरला जाऊन येऊ या का? दर वर्षी ह्याच गाडीने जायचो."

नीरा नरसिंहपूर हे आमचं कुलदैवत. नाही कसं म्हणणार?

बारामतीपर्यंत सगळं मस्त

जानेवारीतला शनिवार. पहाटे साडेपाचला हडपसर ओलांडलं की सोलापूर हायवे तुमचाच असतो. उरुळी कांचन, यवत, चौफुला. यवतला चहा मारला. पाटसला हायवे सोडून बारामतीचा रस्ता धरला. दोन्ही बाजूंना ऊस, मधूनच धुकं, गाडीत आईच्या आवडीची भजनं. एकदम परफेक्ट!

बारामती म्हटलं की आपल्याला आधी राजकारण आठवतं. पण कऱ्हेकाठच्या ह्या गावाची जुनी ओळख मोरोपंतांची. अठराव्या शतकातले हे पंडित कवी इथेच राहिले. आणि नवी ओळख यंत्रांची. इथल्या एमआयडीसीत पियाजिओच्या तीनचाकी रिक्षा आणि टेम्पो बनतात, २०१२ पासून व्हेस्पा स्कूटरही बनू लागली. भारत फोर्जचा कारखाना आहे. थोडक्यात, लोखंड आणि तेल ह्या दोन्हीशी ह्या गावाची चांगली ओळख आहे. ह्याचा मला पुढच्या अर्ध्या तासात किती उपयोग होणार होता, हे तेव्हा माहीत नव्हतं.

बारामती मागे टाकून इंदापूर रोडला लागलो आणि आई म्हणाली, "कसला गं वास?"

जळक्या तेलाचा. मग बोनेटच्या फटीतून धुराची एक बारीक रेघ. पोटात गोळाच आला. गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं. ऑइल गळून थेट तापलेल्या एक्झॉस्टवर पडत होतं. जमिनीवर पडलं तर डाग पडतो, एक्झॉस्टवर पडलं तर धूर होतो आणि नशीब फिरलं तर आगही लागते. डिपस्टिक काढून पाहिली. तेल खालच्या खुणेच्याही खाली!

सुदैवाने दोनशे पावलांवर एक पत्र्याची शेड दिसली. बाहेर एक ट्रॅक्टर, दोन पंप आणि चाकं काढलेली एक जीप.

आधी धुवायचं, मग बघायचं

मिस्त्री पन्नाशीचे. कपाळाला बुक्का, खिशात टॉर्च. आईला त्यांनी आधी खुर्ची दिली. मी त्यांना सर्व्हिस सेंटरची सगळी स्टोरी ऐकवली, एस्टिमेटही दाखवलं. त्यांनी ते हातात घेतलं, न वाचताच परत दिलं.

"ताई, अर्धा तास गार होऊ द्या. तवर काय बोलायचं नाय."

इंजिन गार झाल्यावर त्यांच्या हाताखालचा पोरगा कामाला लागला. सेन्सरच्या वायरींवर प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या. ब्रशने डिझेल लावून इंजिनावरचा वर्षभराचा काळा चिकटा काढला, मग स्प्रे क्लीनर मारला, हवा मारली. गाडी घेतल्यापासून इंजिन एवढं स्वच्छ मी कधी पाहिलं नव्हतं.

"एवढं धुताय कशाला?" मी घड्याळाकडे बघत विचारलं.

"तेल जिथं दिसतं तिथनं येत नसतं ताई. हा कालवा बघा." त्यांनी उसाच्या पलीकडे हात केला. "कालव्याला भगदाड पडलं की पाणी कुणाच्या तरी शिवारात दिसतं. तिथंच माती टाकत बसला तर जन्म जाईल. भगदाड वर असतं, दोन फर्लांग वर."

तो नीरा डावा कालवा. इंग्रजांच्या काळात, १८८० च्या दशकात खोदलेला. बारामती-इंदापूरच्या दुष्काळी पट्ट्यात ऊस आला तो ह्या पाण्यावर. आणि ह्याच पाण्याच्या पाझराने काही जमिनी क्षारपडही झाल्या. पाणी कुठून झिरपतं आणि कुठे उगवतं, हे इथल्या माणसाला शिकवावं लागत नाही.

मग आली खरी गंमत. पोरगा शेजारच्या दुकानातून टाल्कम पावडरचा छोटा डबा घेऊन आला. मिस्त्रींनी एक लिटर ऑइल भरलं आणि कोरड्या इंजिनावर पावडर भुरभुरली! आई हसायलाच लागली. "मुलीला दाखवायला न्यायचंय का?" इंजिन दहा मिनिटं चालू ठेवलं, मग बंद केलं. पांढऱ्या पावडरवर एक काळी रेघ उमटली. मिस्त्रींनी दाढी करायचा आरसा आत धरला, टॉर्च मारला आणि मला बोलावलं.

रेघ खाली एक्झॉस्टपर्यंत गेली होती. पण सुरू होत होती एका काळ्या प्लॅस्टिकच्या तुकड्याखाली, बोटभर उंचीच्या. त्याच्या वर सगळी पावडर पांढरीशुभ्र. टॅपेट कव्हरचं गॅस्केट तर त्याहून वर. तेही कोरडं ठणठणीत.

"गॅस्केट बिचारं फुकट बदललं," मिस्त्री म्हणाले. "तेल काय चढण चढत नाय."

कॅम सेन्सर म्हणजे नक्की काय भानगड?

आपल्यासारख्या, बोनेट फक्त वॉशरचं पाणी भरायला उघडणाऱ्या पब्लिकसाठी थोडक्यात सांगते. इंजिनात पेट्रोल-हवेची ये-जा व्हॉल्व्हमधून होते. ते व्हॉल्व्ह उघडणारा दांडा म्हणजे कॅमशाफ्ट. तो मुख्य दांड्याच्या, म्हणजे क्रँकशाफ्टच्या, निम्म्या वेगाने फिरतो. पिस्टन वर आलाय एवढं क्रँकवरून कळतं, पण तो पेट्रोल-हवा दाबायला वर आलाय की धूर बाहेर ढकलायला, हे कळत नाही. ते कॅम सेन्सर सांगतो. त्यावरून गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल कधी सोडायचं, ठिणगी कधी टाकायची हे ठरवतो. सेन्सर बिघडला तर गाडी सुरू व्हायला नखरे करते, मधेच झटके देते, डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागतो.

जुन्या फियाटमध्ये हे काम डिस्ट्रिब्युटर करायचा. "आम्ही पॉइंटचा गॅप कानानं लावायचो," मिस्त्री म्हणाले. "आता हा डोळा आलाय. पण डोळा बसवायला भोक पाडावंच लागतं. अन् भोक आलं की रिंग आली."

हाच तर सगळा मुद्दा. सेन्सरचं टोक कॅमशाफ्टजवळ, तेलाच्या तुषारांत असतं. बाकीचा भाग बाहेर. मधे अडवणारी असते एकच ओरिंग. तिच्या खाचेपेक्षा ती किंचित जाड असते. बसवताना दाबली जाते, आणि परत फुगायची तिची जी धडपड असते, तीच तेल अडवते. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन रबर कडक झालं की ही धडपड संपते. रिंग जागेवर असते, पण फक्त नावाला.

मिस्त्रींनी बॅटरीचं मायनस काढलं, सेन्सरचा प्लग सोडवला. प्लगच्या आत टॉर्च मारून नीट पाहिलं. "आत तेल असतं तर सेन्सरच आतनं फुटला म्हणायचं. मग बदलावाच लागला असता, वायरिंगपण साफ करावं लागलं असतं. कोरडा आहे. सेन्सर एक नंबर." दहा नंबरचा एकच बोल्ट. सेन्सर त्यांनी स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटला नाही, हाताने डावी-उजवीकडे हळूहळू फिरवत सैल केला. "घाईत उचकटला तर वरचा तुकडा हातात येतो अन् खालचा आत राहतो. मग अठरा हजारपण कमी पडतील."

रिंग माझ्या तळहातावर ठेवली. गोल असायला हवी ती बाजूंनी चपटी झाली होती. वाकवली, तर बिस्किटासारखी तुटली.

साडेपाच हजार गेले होते, अठरा हजार जाणार होते, पंचवीस हजार कापले गेले होते. आणि गुन्हेगार हा!

ठिबकची रिंग चालेल का?

शेडमध्ये ओरिंगांचा एक मोठा डबा होता. त्यात साधारण त्याच मापाची एक रिंग मला दिसली. मी उत्साहाने उचलली. मिस्त्रींनी मान हलवली.

"ती ठिबकच्या फिल्टरची. पाण्याची. तेलात घातली की फुगंल, आठ दिवसांत ढिली."

हे माझ्यासाठी नवीनच होतं. रबर म्हणजे रबर, एवढंच आपलं ज्ञान. पण पाण्यासाठी वापरतात ते ईपीडीएम रबर इंजिन ऑइलमध्ये फुगतं. तेलासाठी नायट्राइल लागतं, आणि इंजिनाच्या माथ्यावरच्या भट्टीत वर्षानुवर्षं टिकायला त्याहून भारी, व्हायटॉन. मिस्त्रींनी खाचेचं माप व्हर्नियरने घेतलं, कागदावर आतला व्यास आणि जाडी लिहिली आणि पोराला मोटारसायकलवर बारामतीच्या बेअरिंगच्या दुकानात पिटाळलं.

तो येईपर्यंत चहा झाला. आईने मिस्त्रींना सांगून टाकलं की गाडी सोमवारी जाणार. ते काही बोलले नाहीत. उठून त्यांनी इंजिनावरचा एक छोटा पाइप काढला, त्याच्या तोंडाचा व्हॉल्व्ह कानाशी धरून हलवला. आवाज नाही. "हा खुळखुळला पाहिजे. चोक झालाय." हा पीसीव्ही व्हॉल्व्ह. इंजिनाच्या पोटातला गॅस त्याच्यातून बाहेर पडतो. तो तुंबला की आत दाब वाढतो आणि जिथे जागा मिळेल तिथून तेल बाहेर ढकलतो. नुसती रिंग बदलली असती तर काही महिन्यांत दुसरं कुठलं तरी सील गेलं असतं. क्लीनर मारून तो खुळखुळता केला.

रिंग आली. तपकिरी, लवचिक. बसायची जागा फडक्याने पुसली, रिंगला बोटाने नवं ऑइल लावलं, सेन्सर सरळ दाबून बसवला. बोल्ट लहान पान्याने, मनगटाच्या जोरावर. बहुतेक गाड्यांत हा बोल्ट १० न्यूटन-मीटरच्या आसपासच आवळायचा असतो, त्याहून जास्त जोर लावला तर प्लॅस्टिकचा कान तडकतो. मी विचारलं, वरून थोडं सिलिकॉन लावायचं का, डबल सेफ्टी?

"मुळीच नाय. त्याचे तुकडे आत पडले की तेलाची जाळी तुंबती. रिंग बरोबर असली की काय लागत नाय, चुकीची असली की काय लावून भागत नाय."

बिल ऑइलसकट साडेआठशे रुपये. मी हजार दिले, त्यांनी दीडशे परत केले. "आज कोरडं आहे म्हणून खूश होऊ नका. पंधरा दिवस गाडीखाली पुठ्ठा टाका. मग ठरवा विकायची का नाय."

जंक्शनच्या फाट्यावर

पुढचा रस्ता म्हणजे तुकोबांचा पालखी मार्ग. काटेवाडीला आषाढवारीत पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. बेलवाडीला घोड्यांचं. वाटेत भवानीनगरचा साखर कारखाना, लासुर्णे, आणि एक गाव, ज्याचं नावच जंक्शन! इथे वालचंदनगरचा फाटा लागतो.

हा फाटा चुकवू नका, निदान मनातल्या मनात तरी. वालचंद हिराचंद यांनी नीरेकाठच्या माळावर साखर कारखाना आणि त्याभोवती गाव वसवलं. ह्याच माणसाने १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली. आपल्या बाबा-काकांच्या पिढीची पद्मिनी त्याच कंपनीची. म्हणजे मिस्त्री ज्या फियाटवर शिकले, तिचं नातं त्यांच्या शेडपासून तासाभराच्या आतल्या गावाशी. आणि आज वालचंदनगरच्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटच्या मोटरींचे अजस्र सांगाडे बनतात.

रॉकेटवरून मला आठवलं चॅलेंजर. २८ जानेवारी १९८६, अमेरिकेचं अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं, सातही अंतराळवीर गेले. कारण काय? बूस्टरच्या सांध्यातली ओरिंग. आमची उष्णतेने कडक झाली होती, ती थंडीने. चौकशीच्या वेळी रिचर्ड फाइनमन ह्या शास्त्रज्ञाने त्या रबराचा तुकडा क्लॅम्पमध्ये दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि सगळ्यांसमोर काढून दाखवला. दाब सोडला तरी रबर लगेच फुगलं नाही. बस्स, एवढंच. ह्या रिंगांबद्दल इंजिनिअर आधीपासून सांगत होते, पण वरच्यांना वेळापत्रकाची घाई होती. ऑफिसात बसून हे वाचताना अंगावर काटा येतो, कारण अशी मीटिंग आपणही कधी ना कधी अटेंड केलेली असते.

संगमावर

निमगाव केतकीला पानमळ्यांच्या पानाचा विडा घेतला. इंदापुरात मालोजीराजांची गढी बाहेरूनच पाहिली. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले इथल्याच लढाईत पडले. दुपारी दोनला नरसिंहपूर.

नीरा आणि भीमा इथे भेटतात, आणि पुणे जिल्हा इथे संपतो. देवळाचा जीर्णोद्धार पेशवाईतले सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांनी केला. आतली मूर्ती प्रल्हादाने वाळूची केली, अशी कथा आहे. घाटाच्या पायऱ्यांवर बसलो. आई म्हणाली, "तुझे बाबा इथे आले की आधी गाडीखाली वाकून बघायचे. मी म्हणायचे, देवाला तरी आधी वाका!"

मी मुकाट्याने उठले, पार्किंगमध्ये गेले आणि वाकून पाहिलं. कोरडं.

येताना हायवेने आलो. पळसदेवचं जुनं देऊळ उजनीच्या पाण्याखाली गेलेलं, ते उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं. भिगवणला फ्लेमिंगोंचा गुलाबी पट्टा सूर्य बुडेपर्यंत बघितला. आणि मासे! ते न खाता भिगवण सोडणं म्हणजे पाप.

सोमवारी सकाळी आठला डीलरचा फोन आला. मी सांगितलं, पंधरा दिवस थांबा. सोळाव्या दिवशी पुठ्ठा उचलला. त्यावर मांजराच्या पावलांचे ठसे होते, तेलाचा एकही थेंब नव्हता. गाडी अजून म्हातारीच आहे, क्लचही आता कुरकुरायला लागलाय. पण आता तरी विकायची कशाला?

तुमच्या गाडीखाली डाग दिसला तर…

* धूर किंवा जळका वास आला तर लगेच थांबा, इंजिन बंद करा. सपाट जागी दहा मिनिटांनी डिपस्टिक बघा. खालच्या खुणेखाली तेल असेल तर गाडी पुढे रेटू नका.
* पार्ट बदलण्याआधी इंजिन धुऊन, कोरडं करून, चालवून बघायला सांगा. काळ्या चिकट्यात गळती कुठून आहे ते कुणालाच दिसत नाही.
* "गळतीचा सगळ्यात वरचा ओला बिंदू कुठला?" हा एक प्रश्न विचारा. उत्तर नसेल तर एस्टिमेटवर सही करू नका.
* सेन्सरचा प्लग आतून कोरडा असेल तर बऱ्याचदा ओरिंगवर भागतं. आत तेल असेल तर सेन्सर बदला आणि प्लगही साफ करून घ्या.
* पीसीव्ही व्हॉल्व्ह तपासून घ्या. जुना पार्ट परत मागा.

कसं जाल? पुण्याहून पाटसमार्गे बारामती सुमारे १०० किलोमीटर, तिथून इंदापूर साधारण ५०. येताना इंदापूर–भिगवण–पाटस असा सोलापूर हायवे. फ्लेमिंगो बघायचे तर डिसेंबर ते मार्च. पहाटे निघा, टॉर्च आणि एक लिटर इंजिन ऑइल डिकीत ठेवा. पावडरचा डबाही असू द्या!